निम्म्या शेणाची वाटेकरीण

भिकुबाईच्या सासूनं मरताना सुनेला दोन गोष्टी दिल्या. एक पितळी तांब्या आणि दुसरं झुलाल पाटलांच्या गोठ्यातलं निम्मं शेण. तांब्या पुढं गळायला लागला. शेण मात्र चोवीस वर्षं पुरलं.

गावाचं नाव सावरपाडं. शिंदखेडा तालुक्यात, बुराई नदीच्या काठाला. झुलाल पाटलांना सगळे आबा म्हणायचे. बैल, गाई, म्हशी आणि वासरं धरून त्यांच्या गोठ्यात अकरा जनावरं. तांबडं फुटलं की भिकुबाई टोपली घेऊन गोठ्यात शिरायची, शेण भरायची, मूत निपटायची, गोठा झाडून लख्ख करायची. या कामाचे पैसे नव्हते आणि दाणेही नव्हते. निघेल त्या शेणातलं निम्मं तिचं, एवढाच करार. तो कुठं लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलाही नव्हता.

वाटणीची रीत पक्की होती. पहिला गोळा बाजूला निघायचा, मारुतीचा ओटा सारवायला. त्यावर कोणी वाटा सांगत नसे. मग भिकुबाई उरलेल्या शेणाचे दोन ढीग करायची आणि आबांच्या घरच्या प्रमिलाबाई, म्हणजे गावाच्या अक्का, ओट्यावरून बोट दाखवायच्या, हा माझा. वाटे एकीनं पाडायचे आणि आपला वाटा आधी उचलायचा दुसरीनं. त्यामुळं चोवीस वर्षांत दोन ढिगांत मूठभराचा फरक पडला नाही.

आपल्या वाट्याच्या ती गोवऱ्या थापायची. वाळल्या की हुडवा रचायचा, त्याला वरून शेणानं लिंपायचं, म्हणजे पावसाचं भय नाही. दर बाजाराला एक डोईभार गोवऱ्या शिंदखेड्याला जायच्या आणि त्यांच्या बदल्यात तेल, मीठ, मिरची घरी यायची. तिचा नवरा वना कपाशीच्या गाडीवरून पडल्यापासून कंबरेत वाकला होता. वाळत घातलेल्या गोवऱ्यांवर तो लक्ष ठेवायचा. गोवऱ्या कुठं जात नाहीत, म्हणून हे काम त्याला जमायचं.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. त्या वर्षी तालुक्यानं गोबर गॅसचं लक्ष्य घेतलं होतं आणि मार्च संपायला सतरा दिवस उरले होते. ग्रामसेवक तोताराम भाऊसाहेब मूळचे जामनेरकडचे, सरळ माणूस. ते सायकलीवरून आबांच्या ओट्यावर आले आणि पाणी पिऊन लगेच मुद्द्यावर आले.

"आबा, धूर बंद. अक्कांचे डोळे वाचतील. सरपणाला झाड तोडायला नको. शेणाचं शेण राहतं आणि वरून गॅस मिळतो."

"शेणाचं शेण राहतं?"

"म्हणजे खत राहतं."

"मग गॅस कशातून निघतो?"

"शेणातून."

आबांनी थोडा विचार केला. "म्हणजे काहीतरी जातंच की."

यावर भाऊसाहेबांना प्रशिक्षणात काहीतरी सांगितलेलं होतं. पण ते जेवणानंतरच्या तासाला सांगितलं होतं. ते म्हणाले, "ते नंतर बघू. अनुदान आहे." आणि आबांनी सही केली.

गोठ्याच्या मागं खड्डा खणला गेला, त्याच्या तोंडाशी शेण कालवायची कुंडी बांधली गेली. भिकुबाईनं माती वाहायचं काम धरलं. आठ दिवस सलग रोजगार मिळाला म्हणून ती समाधानात होती. खड्डा कशासाठी आहे हे तिला ठाऊक होतं. त्यात काय जाणार हेही ठाऊक होतं. पण ते शेण कोणाचं, हे तिला कोणी विचारलं नाही आणि तिनंही विचारलं नाही, कारण निम्मं तिचं आहे हे सगळ्या गावाला माहीत होतं.

पहिला भरणा गावभरच्या शेणानं झाला. पंधरवड्यानं खड्ड्यावर पालथी बसवलेली लोखंडी टाकी गॅसनं वर आली, पोटुशी म्हैस उभी राहावी तशी. अक्कांनी शेगडीला कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि निळी ज्योत लागली. भिकुबाई दारात उभी होती. तिनंही हात जोडले. गाईच्या पोटातलं देवानं उजेडात आणलं, ते वाईट कसं असेल.

दुसऱ्या दिवशी तिनं नेहमीसारखे दोन ढीग केले. अक्कांनी बोट दाखवलं नाही. आबाच पुढं आले.

"भिकुबाई, आजपाईन बठ्ठं शेण कुंडीमा."

"बठ्ठं कसं, आबा? निम्मं ते मनं शे."

"निम्म्यामा टाकी वर येत नही. भाऊसाहेबनी सांगं."

"मंग मी काय करू?"

"तू कालव. पानी टाक, काडीकचरा येच. तुले दाना देसू."

"आबा, मी दानावाली नही," भिकुबाई म्हणाली. "मी वाटावाली शे."

तिनं आवाज चढवला नाही. दोन्ही ढीग कुंडीत टाकले, कालवले, हात धुतले आणि ती थेट मारुतीच्या ओट्यावर गेली. तिथं आधार नाना बसलेले असायचे. नानांना ऐंशीच्या पुढची वर्षं लागली होती आणि कोणत्या घरची कोणती रीत, हे गाव त्यांनाच विचारायचं. आबांनाही बोलावणं गेलं. भाऊसाहेब तिथंच सापडले.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग डोळे मिटले. झोपले असावेत असं वाटेपर्यंत मिटले.

"वाटा शेणवर व्हता," ते म्हणाले. "शेणना गॅस व्हयना. ते वाटा गॅसवर उना."

लोक हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी हे थट्टेत म्हटलं की खरंच, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"नाना, योजनेत एकच शेगडी आहे," भाऊसाहेब म्हणाले. "दुसऱ्या घरात नळी नेता येत नाही."

"नळी कसाले?" भिकुबाई म्हणाली. "मीच जासू ना."

त्या संध्याकाळी ती परातीत पीठ आणि काखेत तवा घेऊन आबांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तिच्या गल्लीतलं कोणी आजवर ओट्याच्या आत आलेलं नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "हाई काय वं?"

"एक येळ तुमनी, एक येळ मनी. कोनती जोयजे, ते तुम्ही येचा."

अक्कांपुढं पेच पडला. सकाळ सोडावी तर आबांचा चहा जातो, संध्याकाळ सोडावी तर सात माणसांचं जेवण लांबतं. शेवटी त्यांनी सकाळ उचलली. भिकुबाईनं बाहेर पाय धुतले, आत येऊन तवा ठेवला आणि पाच भाकरी थापल्या. दोन वनाला, दोन आपल्याला, एक सकाळला. पाव तासात काम झालं. ज्योत तशीच चालू ठेवून ती उठली.

"करा आते तुमनं," ती म्हणाली. "उरेल गॅस मी सोडी दिना."

हे उन्हाळा संपेपर्यंत चाललं आणि पावसाळाभर चाललं. पहिले आठ दिवस अक्का भिंतीकडं तोंड करून बसायच्या. मग कधीतरी त्यांनी विचारलं की तुझ्या भाकरीला भेग कशी पडत नाही. पुढं दोघींचं बोलणं सुरू झालं. अक्कांच्या सासरी तीस वर्षांत त्यांच्याशी स्वयंपाकघरात बसून कोणी बोललेलं नव्हतं, हे भिकुबाईला त्या पावसाळ्यात कळलं. घरी वना मात्र भाकरी हुंगून बाजूला ठेवायचा. "वास नही हिले," म्हणायचा. "दवाखानानी भाकर वाटस."

पण भाकरीनं सगळं भागत नव्हतं. तेल, मीठ, मिरची गोवऱ्यांतून यायची. आधीचा हुडवा होता तोवर तिनं एकेक डोईभार काढून बाजाराला नेला. पोळ्याला हुडवा गुडघ्याएवढा राहिला आणि दसऱ्याला जमिनीला लागला.

दुसरीकडं गावात बोललं जात होतं. आबांच्या चुलीवर भिकुबाईचा तवा असतो, हे सोयऱ्यांपर्यंत गेलं. थोरल्या मुलीच्या सासरहून त्यांचा व्याही मुद्दाम चौकशीला आला आणि चहा न घेता गेला. आबांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी त्यांनी भिकुबाईला मारुतीच्या ओट्यावर, नानांच्या समोर बोलावलं.

गॅस निघून गेल्यावर खड्ड्याच्या दुसऱ्या तोंडानं शेणाचा काळा रबडा बाहेर पडायचा. तो शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यात साचत होता. आबा म्हणाले, "तो रबडा बठ्ठा तुना. निम्मा नही, बठ्ठा. तू मना स्वयंपाकघरमा येऊ नको."

ओट्यावरची माणसं एकमेकांकडं बघून गालात हसली. आबांनी फोलपट देऊन दाणा राखला, असंच सगळ्यांना वाटलं. शेणातलं सत्त्व ते गॅस होऊन निघून गेलं. मागं राहिला तो लोणी काढून उरलेल्या ताकासारखा. आबांनाही हेच वाटत होतं आणि खरं तर भिकुबाईलाही. पण ताक तर ताक, सगळं आपलं. तिनं मारुतीला हात लावला आणि हो म्हटलं.

रबड्याच्या गोवऱ्या थापल्या तर सुरेख झाल्या. काळ्याभोर, गुळगुळीत, कुठं काडी दिसत नव्हती. वनानं एक उचलून पाहिली.

"हलक्या शेतस."

"वाळन्यात म्हनून."

मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडेरायाचा भंडारा असायचा. गावजेवण, वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. बट्ट्या गोवऱ्यांच्या आरात भाजायच्या. ते काम सुकदेवकडं असायचं. सुकदेव म्हणजे नदीकडच्या मळ्यात कांदा लावणारा, बोलण्यात तिखट, पण आराला त्याच्यासारखा माणूस नाही. भिकुबाईनं त्याला सांगितलं की यंदा गोवऱ्या माझ्याकडच्या, देवाच्या कामाला फुकट. तिच्या मनात देवही होता आणि गिऱ्हाईकही होतं. देवाला ते कळत असणार.

आर पेटवला. धूर आला, तोही थोडा. मग वरवर राख धरली आणि आतून सगळं काळंच राहिलं. सुकदेवनं फुंकर घातली, सुपानं वारा घातला, रॉकेल शिंपडलं. रॉकेल तेवढं जळलं. वरण तयार होतं, भाजी तयार होती, पहिली पंगत पत्रावळीवर बसलेली होती. सुकदेवनं एक बट्टी उकरून काढली आणि फोडली. आत कणीक.

"भिकुबाई," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हाई गवऱ्या शेतस का विटा?"

शेवटी घरोघरीच्या चुलीतलं सरपण गोळा झालं आणि पंगती दिवे लागल्यावर उठल्या. खंडेरायाचा नैवेद्य मात्र वेळेवर गेला, कारण तेवढ्या पाच बट्ट्या अक्कांनी आपल्या शेगडीवर भाजून दिल्या.

लोकांचं बोलणं भिकुबाईनं सोसलं. देवाच्या कामात आपल्या हातून खोट झाली, हे तिला सोसवेना. तिनं रविवार धरले. अकरा रविवार एक वेळ जेवून काढायचे, आणि घरात तेव्हा तशीही एकच वेळ होती.

आता तिच्या गोवऱ्या कोणी घेईना. रबडा मात्र रोज येत होता. तो उपसला नाही तर आबांच्या अंगणात वाहील, आणि तो तिचा होता, तेव्हा उपसायचा तिनंच. म्हणजे गोठा झाडायचा, शेण कालवायचं, रबडा उपसायचा, आणि हातात काही नाही. शेजारची कुंदाबाई दुसऱ्या एका घरच्या गोठ्यात असंच निम्म्या शेणावर काम करायची. ती म्हणाली, "चाल मनासंगे गुजरातले. ऊस तोडूत." वनाची कंबर पाहून भिकुबाई गेली नाही. कुंदाबाई ट्रकमध्ये बसून गेली.

पौषात सुकदेवनं कांदा लावला. त्या साली त्याच्याकडं खत नव्हतं, बैल विकून झाले होते. भिकुबाई रबड्याची टोपली घेऊन मळ्यावरून चालली होती, नदीकाठच्या खाईत ओतायला.

"भिकुबाई, मना कांदामा टाक तो," सुकदेव म्हणाला. "आग ते लागत नही. कांदा ते जळाव नही."

हे टोमण्यातच होतं. पण तिच्या डोक्यावर ओझं होतं आणि खाई लांब होती. तिनं टोपली पहिल्या वाफ्यात उपडी केली. दुसऱ्या दिवशीही तिथंच. महिनाभरात निम्मे वाफे झाले. मग सुकदेवनं पाणी देताना त्या वाफ्यांकडं नीट पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो भिकुबाईच्या दारात आला.

"निम्मा वाफा राहिनात," तो म्हणाला.

"कसाना?"

"रबडाना."

जाताना दारात ज्वारीची पायली ठेवून गेला. वनानं जाऊन पाहिलं तेव्हा त्याला कळलं. रबडा पडलेल्या वाफ्यांत हात उभा धरला तर कांद्याची पात मनगटाला लागत होती आणि काळसर हिरवी होती. शेजारच्या वाफ्यांत ती बोटाएवढी होती. मधल्या वरंब्यावर उभं राहिलं की दोन शेतकऱ्यांची शेतं वाटत.

मळ्यात माणसं येऊन जाऊ लागली. कोणी काही विचारत नसे, खाली वाकून बघायचं आणि निघायचं. एका दुपारी आबाही गेले. त्या संध्याकाळी ते भिकुबाईच्या घरी आले. ते यापूर्वी कधी आले नव्हते. वनानं घोंगडी टाकली.

"भिकुबाई, जनावरं मनी शेतस," आबा म्हणाले.

"शेतस."

"खड्डा मना शे."

"शे."

"कपाशीबी मनी शे. तिले खत लागस."

"लागस, आबा."

"ते मी म्हनस, रबडा निम्मा निम्मा..."

"लई जा ना निम्मा," भिकुबाई म्हणाली. "मी उद्यापाईन संध्याकायले भाकरी टाकाले येस."

वनाला खोकला आला आणि तो बराच वेळ टिकला. आबांनी तिच्या चुलीकडं पाहिलं, छपराकडं पाहिलं. मग म्हणाले, "राहू दे." दाराशी जाऊन परत फिरले. "काय घेशी एक गाडीले?"

अशा रीतीनं झुलाल पाटलांनी आपल्याच गुरांचा रबडा भिकुबाईकडून ज्वारी देऊन घेतला. गावात हे बरेच दिवस बोललं गेलं. आबा मात्र तिला कधी वाकडं बोलले नाहीत. शब्द मारुतीसमोर दिलेला होता आणि त्या वर्षी कपाशी चांगली आली.

पुढच्या मार्चला लक्ष्य वाढलं. तोपर्यंत तालुक्यातले बरेच गोबर गॅस बंद पडलेले होते. शेणातली काडी न वेचता लोक टाकत, मग नळ तुंबे. सावरपाड्याचा एकच चालू, हे तपासणीत निघालं आणि भाऊसाहेबांची पाठ थोपटली गेली. ते प्रामाणिक असल्यानं त्यांनी ती थाप भिकुबाईपर्यंत आणली. नवीन ठिकाणी पहिला भरणा करताना शेण किती, पाणी किती, काडी कशी वेचायची, हे दाखवायला तिनं यायचं. रोजची मजुरी आणि एसटीचं तिकीट.

अशी ती सात वर्षं जात राहिली. शिंदखेडा तालुका झाला, साक्रीकडची गावं झाली, एकदा तर पार एरंडोलला नेलं, तेव्हा येताना ती पद्मालयाच्या गणपतीचं दर्शन घेऊन आली. जिथं तिला बोलावलं नाही अशी गावंही होती. कुंदाबाई ज्या घरी शेण काढायची त्यांचा गॅस ती गुजरातेत असताना परस्पर भरला गेला. ती आली तेव्हा गोठा झाडायला गडी ठेवलेला होता आणि शेण, रबडा सगळं घरचं झालं होतं. मालकाला विचारायला भिकुबाई तिच्याबरोबर गेली. मालक म्हणाले, तेव्हा काही बोलणं झालं नव्हतं. हे खरंच होतं. पुढच्या दिवाळीला कुंदाबाई पुन्हा ट्रकमध्ये बसली.

तेव्हापासून भिकुबाईनं एक क्रम लावून घेतला. दोंडाईच्याच्या बाजूला एका मोठ्या शेतकऱ्याकडं असंच बोलावणं होतं. देवचंद नाव त्यांचं. कुंडीजवळ शेणाचा डोंगर रचलेला, घरच्या बायका डोक्यावर पदर घेऊन बघायला उभ्या, हळदीकुंकवाचं ताट तयार. भिकुबाई कुंडीपाशी आली आणि हात पदरात घेऊन उभी राहिली.

"भाऊ, तुमना गोठा कोन झाडस?"

"ती कमलबाई आहे एक," देवचंद म्हणाले. "का?"

"बलावा तिले."

तोताराम भाऊसाहेब जवळ सरकले. "भिकुबाई, आपल्याला तीनची गाडी आहे."

"मंग लवकर बलावा."

कमलबाई आली. तिशीची असेल. कुणीतरी ओरडेल अशा भीतीनं ती गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिली. भिकुबाईनं तिला विचारलं, तुला कामाचं काय मिळतं. कमलबाई हळूच म्हणाली, निम्मं शेण.

"भाऊ, शेण ते आते बठ्ठं आथं जाई," भिकुबाई देवचंदांना म्हणाली. "मांगे रबडा निंघी. तो कोनाना?"

"रबडा?" देवचंद हसले. "अहो, तो घेऊन जाऊ दे तिला. त्याचं काय करायचंय आम्हाला."

रबड्याचं काय करता येतं, हे त्यांनी विचारलं असतं तर भिकुबाईनं सांगितलं असतं. खोटं ती बोलली नसती. पण त्यांनी विचारलं नाही. भाऊसाहेब घड्याळाकडं बघत होते.

"मारुतीनं देऊळ कथं शे?" तिनं विचारलं.

"ते काय, समोर."

"मंग तथं उभं राहीसन एकदा सांगा. मी ऐकस, हाई कमलबाई ऐकस, भाऊसाहेब ऐकतस."

देवचंदांनी बायकोकडं पाहिलं. बायको म्हणाली, सांगून टाका, शेण वाळतंय. ते देवळाच्या पायरीपर्यंत गेले आणि जे बोलायचं ते बोलले. कमलबाईला त्यातलं फारसं काही कळलं नाही. भिकुबाईनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि तिला म्हणाली, "ये वं, तू त्या बाजूले बस. काडी दिसनी का येचानी." मग तिनं शेणात हात घातला.

तीनची गाडी चुकली. पुढची सहाची होती.